उत्सव कोणाचा, मालकी कोणाची?

सन २०२५ मध्ये अमेरिकेत घडलेल्या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. फेब्रुवारी महिन्यात वॉशिंग्टनमधील आर्ट म्युझियम ऑफ द अमेरिकाज या संग्रहालयातील एक प्रदर्शन, उद्घाटनाला काही आठवडेच उरले असताना, रद्द झाले. आफ्रिकी वंशाच्या कलावंतांच्या कामाला वाहिलेले हे प्रदर्शन कित्येक वर्षांच्या तयारीनंतर उभे राहत होते. नव्या राजवटीने त्यासाठीचा निधी काढून घेताच ते कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील स्टुडिओ म्युझियम या संस्थेने १२५ व्या रस्त्यावर, आपल्या जुन्याच जागी, नव्याने बांधलेल्या इमारतीचे दरवाजे लोकांसाठी उघडले. देश तोच, राजवट तीच, विषयही जवळपास तोच. एक उपक्रम मोडून पडला आणि दुसरा उभा राहिला. या फरकाचे कारण कलेच्या दर्जात शोधण्यात अर्थ नाही. ते मालकीत आहे.

आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या आफ्रिकी समाजाच्या कलेचा गौरव करणारी प्रदर्शने गेल्या दहा-पंधरा वर्षांत लंडन, न्यूयॉर्क, शिकागो, साओ पावलो अशा महानगरांतून मोठ्या थाटाने भरली. त्यांचे स्वागत केलेच पाहिजे. ज्या भिंतींवर एके काळी कृष्णवर्णीय माणूस फक्त धन्याच्या पाठीमागे तबक धरून उभा असलेला दिसे, त्याच भिंतींवर आज त्याने स्वतः रंगविलेली चित्रे लागतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि ज्याला समाजवादी दृष्टी आहे त्याने टाळ्यांच्या गजरातही एक प्रश्न सोडता कामा नये. उत्सव संपल्यावर, चित्रे भिंतीवरून उतरल्यावर, कोणाच्या हातात काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही माणसे आफ्रिकेबाहेर कशी आली येथूनच सुरुवात करावी लागते. अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना जहाजांवर चढविण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडच्या किनाऱ्याला जिवंत लागले. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास माणसे उतरविली गेली; आज ज्या उत्तर अमेरिकेची चर्चा सर्वाधिक होते तेथे थेट नेलेल्यांची संख्या ४ लाखांच्या घरात होती. हे स्थलांतर नव्हते, श्रमशक्तीची लूट होती. साखर, कापूस, तंबाखू व कॉफी यांच्या मळ्यांना फुकटचे श्रम हवे होते आणि युरोपातील वाढत्या व्यापाराला भांडवल हवे होते. त्रिनिदादचे इतिहासकार व पुढे त्या देशाचे पहिले पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गुलामी आणि ब्रिटिश भांडवलशाहीची वाढ यांचे नाते उलगडून दाखविले. त्यांच्या तपशिलांविषयी विद्वानांत वाद झाले व होत राहतील. परंतु तो संबंधच नव्हता असे म्हणण्याची सोय आता कोणालाही उरलेली नाही.

त्या भांडवलाचा एक ओहोळ थेट कलासंग्रहालयांच्या पायात मुरला आहे. लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ साली स्थापन झाली ती जॉन ज्यूलियस अँगरस्टाइन या धनिकाच्या संग्रहातील ३८ चित्रे सरकारने विकत घेतली त्यावर; आणि अँगरस्टाइन हा सागरी विमा उतरविणारा व्यापारी होता, मळ्यांच्या आणि गुलामांच्या व्यवहाराशी त्याचे संबंध होते. ब्रिटिश म्युझियमचा मूळ संग्रह हॅन्स स्लोन यांचा. त्यांच्या पत्नीकडून आलेल्या संपत्तीत जमेकातील मळ्यांचे उत्पन्न होते. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामी रद्द करणारा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ती मिळाली मालकांना. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांना छदामही मिळाला नाही, उलट उमेदवारीच्या नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच धन्यांकडे राबावे लागले. या भरपाईसाठी उभारलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ साली झाली. म्हणजे विसाव्या शतकात वेस्ट इंडीजमधून ब्रिटनमध्ये येऊन बस चालविणाऱ्या, रुग्णालयात सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांनीही आपल्या पूर्वजांच्या मालकांना दिलेल्या भरपाईचा बोजा करांच्या रूपाने उचलला. अशा इतिहासाच्या भिंतींवर जेव्हा गौरवाचे प्रदर्शन लागते तेव्हा भिंत ही काही तटस्थ पार्श्वभूमी राहत नाही. तीही त्या प्रदर्शनाचा एक भाग असते.

या दिशेचा पहिला मोठा प्रयत्न करणाऱ्या माणसाला हे पुरते ठाऊक होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९०० साली पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे एक दालन होते. त्याच्या उभारणीत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा वाटा मोठा होता. ते त्या वेळी अटलांटा विद्यापीठात अर्थशास्त्र व इतिहास शिकवीत होते. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी हाताने काढलेले, भडक रंगांचे साठाच्या आसपास तक्ते तयार केले आणि शेकडो छायाचित्रांच्या जोडीने ते मांडले. हाताशी पैसा इतका थोडा होता की ड्यू बॉइस बोटीच्या सर्वांत खालच्या वर्गाने प्रवास करून पॅरिसला पोचले. या तक्त्यांत काय होते? जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन वर्षागणिक किती वाढली, त्यांच्या मालमत्तेचे मूल्य किती, कोण कोणत्या व्यवसायात आहे, किती मुले शाळेत जातात, निरक्षरता किती घटली. त्याच पॅरिसच्या प्रदर्शनात युरोपीय सत्तांचे वसाहतींचे मंडप होते आणि तेथे आफ्रिकी माणूस एक कुतूहलाची वस्तू म्हणून दाखविला जात होता. काही अंतरावर ड्यू बॉइस त्याच माणसाला जमिनीचा मालक, कारागीर आणि शिक्षक म्हणून दाखवीत होते. आज हे तक्ते कलाकृती म्हणून नावाजले जातात आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा रंग पाहताना आशय निसटू देता कामा नये. गौरवाचे मोजमाप या अर्थशास्त्राच्या अध्यापकाने मालकीने केले होते.

पुढच्या काळात हेच मोजमाप मागे पडले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने जानेवारी १९६९ मध्ये हार्लेमवर एक भव्य प्रदर्शन भरविले. छायाचित्रे होती, ध्वनिफिती होत्या, वृत्तपत्रांतील मजकूर होता. परंतु ज्या हार्लेमने चित्रकार आणि शिल्पकार यांची एक थोर परंपरा निर्माण केली तेथील एकाही चित्रकाराचे चित्र वा शिल्पकाराचे शिल्प त्या कलासंग्रहालयाला लावावेसे वाटले नाही. हार्लेम हा पाहण्याचा विषय ठरला, पाहणारा आणि घडविणारा ठरला नाही. बेनी अँड्रूज आदी कलावंतांनी संग्रहालयाच्या दारात निदर्शने केली आणि त्यातूनच कृष्णवर्णीय कलावंतांची एक लढाऊ आघाडी उभी राहिली. त्यांच्या मागण्यांत केवळ चित्रे लावण्याची मागणी नव्हती; निर्णय घेणाऱ्या जागांवर कृष्णवर्णीय माणसे नेमा, अशीही होती. त्याच मेट्रोपोलिटन म्युझियमने २०२४ साली डेनिस मुरेल यांच्या संयोजनाखाली हार्लेमच्या नवजागरणाचे मोठे प्रदर्शन भरविले आणि त्यात चित्रे व शिल्पे मध्यभागी होती. या दोन प्रदर्शनांमध्ये ५५ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर संग्रहालयाच्या हृदयपरिवर्तनाने कापले गेले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ते रस्त्यावरच्या फलकांनी, संघटनांनी आणि पर्यायी संस्थांनी कापले.

लंडनचा अनुभव यापेक्षा निराळा नाही. रशीद अराईन या कराचीत जन्मलेल्या कलावंताने १९७८ साली आर्ट्स कौन्सिलपुढे एक प्रस्ताव ठेवला: युद्धोत्तर ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई कलावंतांचे प्रदर्शन भरवावे. तो नाकारला गेला. अखेर नोव्हेंबर १९८९ मध्ये हेवर्ड गॅलरीत ‘दि अदर स्टोरी’ या नावाने ते प्रदर्शन उभे राहिले. त्यात २४ कलावंत होते. ऑब्री विल्यम्स, फ्रँक बोलिंग यांच्या शेजारी आपल्या गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझाही तेथे होते. वर्णाच्या जखमेवर उभी राहिलेली एकजूट कातडीच्या छटेपाशी अडून राहिली नव्हती, ही त्या प्रदर्शनाची थोरवी. त्या चोवीसांत स्त्रिया अवघ्या चार होत्या, ही उणीव. वास्तविक लुबाइना हिमिड यांनी १९८५ सालीच ११ कृष्णवर्णीय व आशियाई स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये भरविले होते; त्यांना जागा मिळाली होती ती तेथील जाण्यायेण्याच्या बोळातली! त्याच हिमिड यांना २०१७ साली टर्नर पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. उशिरा आलेला सन्मान हा सन्मानच असतो, पण मधल्या तीस वर्षांत ज्यांनी कुंचला खाली ठेवला आणि पोटासाठी दुसरे काम धरले त्यांचा हिशेब कोणत्याच सूचिपत्रकात छापला जात नाही.

प्रदर्शनाची मांडणी ही किती राजकीय कृती असते याचा धडा फ्रेड विल्सन या कलावंताने १९९२ साली बाल्टिमोरमध्ये दिला. मेरीलँडच्या इतिहास संस्थेच्या भांडारातील वस्तू घेऊन त्याने त्या फक्त नव्याने मांडल्या. ‘धातुकाम’ अशा साध्या शीर्षकाखाली चांदीची नक्षीदार भांडी ठेवली आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातील बेड्या ठेवल्या. दोन्ही वस्तू एकाच भांडारात वर्षानुवर्षे होत्या. दोन्ही धातूच्याच होत्या. एकीशिवाय दुसरी संभवतच नव्हती. फक्त एकीला काचेचे कपाट मिळाले होते आणि दुसरीला अंधार. त्याआधी १९९१ मध्ये याच विल्सनने न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतील पहारेकऱ्यांचे गणवेश चढविलेले, मस्तक नसलेले चार काळे पुतळे मांडले होते. संग्रहालयात कृष्णवर्णीय माणूस नसतो असे नाही. तो दारात उभा असतो, जमीन पुसत असतो. त्याच्याकडे कोणाची नजर जात नाही, एवढेच.

आता आकड्यांकडे वळावे. अमेरिकेतील १८ प्रमुख संग्रहालयांच्या संग्रहांचा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार त्यांतील ८५ टक्क्यांहून अधिक कलावंत गोरे होते आणि आफ्रिकी-अमेरिकी कलावंतांचे प्रमाण १.२ टक्के होते. २००८ ते २०२० या काळातील ३१ संग्रहालयांच्या व्यवहारांची पाहणी २०२२ साली पुढे आली. तीत असे दिसले की भरलेल्या प्रदर्शनांपैकी ६.३ टक्के कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांच्या कामाची होती, पण संग्रहात कायमच्या दाखल झालेल्या कलाकृतींत त्यांचा वाटा फक्त २.२ टक्के होता. या दोन आकड्यांतील तफावत साऱ्या प्रश्नाचा गाभा सांगून जाते. प्रदर्शन म्हणजे पाहुणचार आणि संग्रह म्हणजे घरातला वाटा. पाहुण्याला पंचपक्वान्ने वाढण्यात उदारपणा मिरवता येतो. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढविताना मात्र हात आखडतो. २०१५ साली झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत संचालक, अभिरक्षक, जतनतज्ज्ञ व शिक्षणाधिकारी अशा बौद्धिक निर्णयाच्या जागांवर ८४ टक्के गोरे आणि ४ टक्के आफ्रिकी-अमेरिकी आढळले होते. ज्यांच्या हाती निवड आहे तेच जर बदलले नाहीत तर निवडीतला बदल हा हंगामीच राहणार.

हंगाम पालटतो कसा, हे आता उघड झाले आहे. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या लाटेत अमेरिकेतील संग्रहालयांनी समतेच्या घोषणा केल्या. २७ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात स्मिथ्सोनियन संस्थेवर फूट पाडणाऱ्या विचारसरणीचा ठपका ठेवण्यात आला आणि त्यात आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा नावानिशी उल्लेख झाला. जे इतरांच्या मर्जीने मिळते ते इतरांच्या मर्जीने जाते. याउलट १९६८ साली भाड्याच्या जागेत सुरू झालेल्या स्टुडिओ म्युझियमने प्रारंभापासून कलावंतांना काम करण्यासाठी जागेची सोय दिली, कृष्णवर्णीय कलावंतांच्या कलाकृती विकत घेतल्या आणि तेथे तयार झालेले संयोजक पुढे देशभरच्या संग्रहालयांत गेले. नव्या इमारतीसाठी नगरप्रशासनाचा पैसा आला तसा धनिक देणगीदारांचाही आला, हे खरे. भांडवलशाही समाजात कोणतीही संस्था त्या व्यवस्थेच्या पूर्ण बाहेर राहू शकत नाही. पण संग्रह तिचा आहे, माणसे तिची आहेत आणि वस्ती तिच्या पाठीशी आहे. म्हणून वारा फिरला तरी ती उभी आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कला म्हणजे मालमत्तेची वही नव्हे. ज्या समाजाला शतकानुशतके माणूस म्हणूनच नाकारले गेले त्याला आपला चेहरा सुंदर रूपात पाहण्याचा आनंद हेच मोठे मूल्य आहे. त्याला सतत बेड्यांची आणि टक्केवारीची आठवण का करून द्यावी? या म्हणण्यात तथ्य आहे. दुःखाचेच प्रदर्शन मांडीत राहणे हाही एक प्रकारचा अपमान असतो. आत्मसन्मान हीच परिवर्तनाची पहिली पायरी असते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेतले ते याच आत्मसन्मानाच्या ओढीने. परंतु आनंद आणि हक्क यांना एकमेकांचे वैरी मानण्याचे कारण नाही. ड्यू बॉइस यांनी तक्ते रंगविले आणि त्या रंगांतून जमिनीचे आकडे मांडले; दोन्ही एकाच कागदावर होते. प्रश्न आनंदाचा नसून केवळ आनंदावर बोळवण करण्याचा आहे.

केवळ विचार भिंतीवर आणूनही भागत नाही, हेही मान्य केले पाहिजे. नायजेरियात जन्मलेले ओक्वुई एन्वेझोर हे या क्षेत्रातील असाधारण बुद्धीचे संयोजक. २०१५ सालच्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी मार्क्सच्या ‘कॅपिटल’चे जाहीर वाचन ठेवले होते. हे धाडस कौतुकास्पद होते. तथापि जगभरचे धनाढ्य संग्राहक ज्या नगरीत दर दोन वर्षांनी जमतात तेथे मार्क्सचे शब्दही प्रेक्षणीय वस्तू होऊन जाण्याचा धोका राहतो. भांडवलाची पचनशक्ती मोठी आहे. तिला तर्काने चीत करता येत नाही, करार बदलूनच आवर घालता येतो. जर्मनीने २०२२ साली, ब्रिटिश फौजांनी १८९७ मध्ये बेनिनहून लुटलेल्या ब्राँझच्या शिल्पांची मालकी नायजेरियाकडे सोपविण्याचा करार केला. त्यांतील काही शिल्पे आजही बर्लिनमध्येच आहेत. परंतु आता ती मालकाने उसनी दिलेली म्हणून आहेत. पाहणाऱ्याला काचेच्या आत काहीही बदललेले दिसणार नाही. बदल कागदावर झाला आहे आणि तोच खरा बदल आहे.

हा विषय दूरच्या देशांचा आहे असे समजून मराठी वाचकाने निश्चिंत राहण्याचेही कारण नाही. आफ्रिकी माणूस हिंदी महासागर ओलांडून आपल्याही किनाऱ्याला आला आहे. न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्राने २०१३ साली भारतातील आफ्रिकी वंशीयांवर एक प्रदर्शन तयार केले आणि २०१४ साली ते दिल्लीतही भरले. त्याच्या शीर्षकातच गुलाम ते सेनापती आणि राज्यकर्ते असा प्रवास सांगितला होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेक हातांतून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला, त्याने खडकी नगरी वसविली, तिला नहरीचे पाणी दिले आणि जमीन-महसुलाची जी पद्धत घातली तिचे नाव दख्खनमध्ये दीर्घकाळ टिकले. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत होते. हा इतिहास अभिमानाने सांगावा असाच आहे. पण कर्नाटकातील यल्लापूर-हल्याळच्या रानात शेतमजुरी करून जगणाऱ्या, घरात कोंकणी बोलणाऱ्या सिद्दी समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून ‘कवंद’ नावाच्या देखण्या गोधड्या शिवतात आणि त्या गोधड्या अमेरिकेतील प्रदर्शनांत पोचल्या आहेत. सेनापतीचे चित्र लावणे सोपे असते. गोधडी शिवणारीला तिच्या श्रमाचे काय मोल पडले, नकलांवर आणि छायाचित्रांवर तिचा हक्क कोणता, हे विचारणे अवघड असते. आणि समाजवाद्यांनी अवघड तेच विचारावयाचे असते.

मग मागावयाचे काय? गौरवाचे प्रदर्शन भरविणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्या खर्चाचा ठरावीक हिस्सा त्याच कलावंतांच्या कलाकृती संग्रहात घेण्यासाठी राखून ठेवावा. संस्थेच्या संपत्तीचा उगम कोठला, हे प्रदर्शनाच्या पहिल्या भिंतीवर स्पष्ट अक्षरांत लिहावे. संयोजकांच्या नेमणुका एका प्रदर्शनापुरत्या कंत्राटी न ठेवता कायम कराव्यात. आणि पहारेकरी, सफाई कामगार, मांडणी करणारे कारागीर यांचे वेतन व संघटनेचा हक्क हा समतेच्या जाहीरनाम्याचाच भाग मानावा. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी २०२२ साली १९ दिवस संप करून पगार व आरोग्यविम्याच्या प्रश्नांवर पहिला करार मिळविला. दालनातील समता कामगारांच्या संघटनेवाचून टिकत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. सार्वजनिक पैसा तर यासाठी हवाच, पण तो सत्ताधाऱ्याच्या लहरीबरोबर परत जाणार नाही अशी कायद्याची हमीही त्याच्याबरोबर हवी.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही, सर्व व्यवहार्य आहेत. म्हणूनच त्या टाळणाऱ्यांचा हेतू तपासून पाहिला पाहिजे. ज्या समाजाचे श्रम लुटून ही दालने उभी राहिली त्या समाजाला दालनात बोलावून हार घालणे हे न्यायाचे पहिले पाऊल झाले. दुसरे पाऊल किल्ल्या सोपविण्याचे आहे. ते पडेपर्यंत उत्सवात सामील जरूर व्हावे, पण हिशेबाची वही घरी ठेवून जाऊ नये.